खाण्याच्या बियांसाठी सूर्यफुलाची सेंद्रिय लागवड

लातूर, धाराशिव, सोलापूर आणि बीड या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला सूर्यफूल नवे नाही. १९६९ च्या सुमारास रशियातून आणलेल्या वाणांपासून आपल्याकडे या पिकाची व्यापारी लागवड सुरू झाली आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात देशातील क्षेत्र २५ लाख हेक्टरांच्या पुढे गेले. नंतर सोयाबीनचा विस्तार, स्वस्त आयात तेल, नेक्रोसिस रोग आणि पोपटांचा उपद्रव यांमुळे ते इतके आटले की आज कित्येक गावांत सूर्यफुलाचा एक सलग तुकडाही दिसत नाही. मात्र ही सगळी लागवड तेलासाठी होती. सोलून, भाजून किंवा चटणीत घालून खाण्यासाठी सूर्यफूल घ्यायचे असेल, तर तेच पीक वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

तेलगिरणीला माल वजनावर आणि तेलाच्या टक्केवारीवर जातो. त्यात थोडे पोचट दाणे, थोडा काडीकचरा असला तरी चार पैसे कमी मिळून व्यवहार पुरा होतो. खाणारा माणूस मात्र एकेक दाणा दातांखाली घेतो. दहातले दोन पोचट निघाले किंवा एखादा खवट लागला, तर तो पुन्हा त्या विक्रेत्याकडे फिरकत नाही. म्हणून या लागवडीत एकरी किती क्विंटल निघाले याच्या आधी शंभरातले किती दाणे पूर्ण भरले, हा प्रश्न विचारावा. बियाण्याची निवड, दोन रोपांतील अंतर, मधमाश्या, पाण्याच्या पाळ्या आणि वाळवणीची जागा या सगळ्यांचे निर्णय त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

हंगाम आणि जमीन

सूर्यफूल सूर्यप्रकाशाच्या तासांना फारसे संवेदनशील नसल्याने ते खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत येते, असे शिफारशींत लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. तरीही खाण्याच्या बियांसाठी खरीप टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलैत पेरलेले पीक सप्टेंबरात फुलावर येते. त्या वेळी पाऊस लागून राहिला तर परागकण धुऊन जातात, मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि पुढे फुलाच्या मागच्या बाजूला पाणी साचून तबक, म्हणजे दाणे धरणारी फुलाची चकती, कुजू लागते. अशा तबकातले दाणे वरून धड दिसले तरी आतून काळपट आणि कडवट निघतात.

काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीसाठी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची रब्बी पेरणी सर्वांत सोयीची आहे. पीक डिसेंबरात फुलते आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत पक्व होते. पाण्याची खात्री असेल तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उन्हाळी पेरणी करता येते. मात्र त्याहून उशीर केल्यास फुलोरा आणि दाणे भरण्याचा काळ एप्रिल-मेच्या उन्हात सापडतो आणि पारा ३८ अंशांच्या वर राहू लागला की परागीभवन होऊनही दाणे पोचट राहतात.

जमीन मध्यम ते भारी, पाण्याचा निचरा होणारी आणि साधारण ६.५ ते ८ सामू (पीएच) असलेली चालते. पाणथळ किंवा आम्लधर्मी जमिनीत हे पीक घेऊ नये. एक गोष्ट मात्र खाण्याच्या पिकासाठी आवर्जून पाहावी. सूर्यफूल जमिनीतले जड धातू, विशेषतः कॅडमियम, शोषून घेते. दूषित जमिनी स्वच्छ करण्याच्या प्रयोगांत या झाडाचा उपयोग केला जातो तो याच गुणामुळे. त्यामुळे शहराच्या सांडपाण्यावर भिजणारी, कारखान्याच्या नाल्यालगतची किंवा शहरी कचऱ्याचे, तपासणी न केलेले खत पडलेली जमीन तेलाच्या पिकालाही फारशी योग्य नसते, आणि थेट खाण्याच्या बियांसाठी तर ती वर्ज्यच समजावी.

फेरपालट पाहताना आधीचे पीक मूग किंवा उडीद असेल तर उत्तम. ऑगस्टच्या अखेरीस शेंगा तोडून झाल्या की झाडे शेतातच गाडता येतात आणि पेरणीपर्यंत ती कुजायला महिनाभर मिळतो. सूर्यफुलावर सूर्यफूल घेऊ नये. त्याच जमिनीत पुन्हा यायला किमान तीन वर्षे जाऊ द्यावीत, कारण केवडा, करपा आणि खोडकूज या रोगांचे अवशेष मातीत टिकून राहतात.

बियाणे

खाण्याच्या सूर्यफुलाचा दाणा मोठा, बहुधा पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा असतो, त्याचे टरफल जाड पण मगजापासून सुटे असते आणि त्यात तेल कमी असते. तेलाच्या वाणाचा दाणा लहान, काळा आणि टरफल घट्ट चिकटलेले. तेलाच्या शंभर दाण्यांचे वजन साधारण ४ ते ६ ग्रॅम भरते, तर खाण्याच्या चांगल्या वाणाचे ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक. आपल्या बाजारात मिळणारी बहुतेक बियाणी तेलासाठीच निवडलेली आहेत, हे आधी मान्य करावे लागते. खास खाण्याच्या वाणाचे खात्रीचे बियाणे मिळाले तर तेच घ्यावे. ते न मिळाल्यास सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांपैकी त्यातल्या त्यात टपोऱ्या दाण्याचा वाण निवडावा. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचा एलएसएफ-८, राहुरी कृषी विद्यापीठाचे भानू आणि फुले भास्कर हे वाण राज्यात परिचित आहेत; अशा वाणांचे बियाणे पुढच्या वर्षासाठी घरी राखता येते, ही सेंद्रिय शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. संकरित वाणाचे उत्पादन अधिक आणि पीक एकसारखे येते, पण बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते.

विकत घेतलेले बियाणे गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे असेल तर त्याला रासायनिक प्रक्रिया झालेली आहे, असे समजावे. सेंद्रिय प्रमाणीकरण घ्यायचे असेल तर प्रक्रिया न केलेले बियाणे आगाऊ मागणी करून मिळवावे आणि ते मिळत नसल्यास आपल्या प्रमाणीकरण संस्थेशी पेरणीपूर्वीच बोलून घ्यावे. पावती आणि पिशवीवरचे लेबल जपून ठेवावे.

ताज्या काढलेल्या सूर्यफुलाच्या बियांना साधारण ४० ते ४५ दिवसांची सुप्तावस्था असते, म्हणून नुकतेच मळलेले बी लगेच पेरू नये. पेरणीच्या आठवडाभर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले तर बियाणे बदलावे. पेरणीच्या आदल्या दिवशी बी बीजामृतात थोडा वेळ घोळून सावलीत सुकवावे. बीजामृतासाठी २० लिटर पाण्यात ५ किलो देशी गाईचे शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना आणि बांधावरची मूठभर माती रात्रभर भिजवतात. पेरणीच्या दिवशी दर किलो बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि प्रत्येकी २५ ग्रॅम अॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारे जिवाणू खत चोळावे. जिवाणू उन्हाने मरतात, त्यामुळे ही प्रक्रिया झाडाखाली करून बी लगेच पेरावे.

खताचा हिशेब

सूर्यफुलाचे सोटमूळ खोल जाते आणि ते जमिनीतून बरेच अन्न उचलते. बागायती पिकासाठी एकरी साधारण २४ किलो नत्राची गरज धरली जाते. सेंद्रिय पद्धतीत हा आकडा गाठायचा असेल तर केवळ जीवामृताच्या, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाच्या, भरवशावर राहून चालत नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे एकरी ३ टन, सुमारे सहा बैलगाड्या, शेणखतातून १५ किलो नत्र जमिनीत जाते. पण त्यातले सगळे पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. उरलेली गरज मूग-उडदाच्या गाडलेल्या झाडांतून आणि एकरी १५० किलो निंबोळी किंवा एरंडी पेंडीतून भागवावी. पेंड अर्धी पेरणीच्या वेळी आणि अर्धी पहिल्या कोळपणीबरोबर ओळीच्या कडेने द्यावी. जीवामृत एकरी २०० लिटर, पाण्याच्या पाळीबरोबर, कळी लागेपर्यंत दोन-तीन वेळा द्यावे. पण ते शेणखताच्या जोडीला द्यायचे असते, त्याच्या ऐवजी नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

गंधकाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. तेलवर्गीय पिकाला ते लागतेच. एकरी ५० ते ६० किलो नैसर्गिक जिप्सम शेवटच्या वखरपाळीआधी फेकावे. बोरॉनचा संबंध थेट दाणे भरण्याशी आहे. ते कमी पडले की परागकणांची उगवण बिघडते आणि तबकाच्या मधला भाग पोचट राहतो. मातीपरीक्षणात बोरॉनची कमतरता दिसली तर प्रमाणीकरण संस्थेची लेखी परवानगी आधी घेऊन, फुलाच्या पिवळ्या पाकळ्या उघडू लागताच लिटरला २ ग्रॅम बोरॅक्स कोमट पाण्यात विरघळवून संध्याकाळी फवारावे. परीक्षण न करता बोरॅक्स वापरू नये. कमतरता नसताना दिलेला बोरॉन अपायच करतो.

पेरणीपासून कळी लागेपर्यंत

तिफणीने पेरल्यास बी कमी-जास्त पडते, म्हणून खाण्याच्या पिकासाठी टोकण करणेच श्रेयस्कर. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एकरी सुमारे २२,००० झाडे बसतात. मोठ्या दाण्याच्या वाणासाठी भारी जमिनीत रोपांतील अंतर ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढवावे, म्हणजे झाडे १५,००० च्या आसपास राहतात आणि दाणा पोसला जातो. याहून विरळ लावण्याचा मोह मात्र आवरावा. परातीएवढे तबक दिसायला देखणे असते, पण त्याचा मधला भाग हमखास रिकामा राहतो आणि त्याच्या ओझ्याने झाड वाऱ्यात आडवे होते.

प्रत्येक जागी दोन दाणे, ५ सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता टोकावेत. एकरी २ ते ३ किलो बी पुरते. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी जागेवर एकच जोमदार रोप ठेवून विरळणी करावी. दुसरे रोप उपटायला जीवावर येते, पण ते राहिले तर दोन्ही तबके लहान राहतात. दोन आठवड्यांनी पहिली खुरपणी व कोळपणी, महिन्याने दुसरी, आणि त्याच वेळी झाडांना मातीची भर, एवढे केले की पुढे पीक स्वतःच्या सावलीने तण दाबते.

पाण्याच्या बाबतीत तीन वेळा चुकवू नयेत: कळी लागताना म्हणजे साधारण ३० ते ३५ दिवसांनी, फुलोऱ्यात ५५ ते ६५ दिवसांच्या दरम्यान, आणि दाणे भरताना ७५ ते ८० दिवसांच्या सुमारास. एकच पाणी देता येण्यासारखी परिस्थिती असेल तर ते फुलोरा सुरू होण्याच्या तोंडावर द्यावे. फुलोऱ्यात तुषार सिंचन करू नये, कारण त्याने पराग धुतला जातो.

कळी लागल्यानंतर जनावरांसाठी झाडाची पाने तोडण्याची सवय काही ठिकाणी आहे. झाडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यातली पानेच दाणा भरण्याचे मुख्य काम करतात. ती तोडणे म्हणजे पोचट दाणे आपल्या हाताने वाढवणे होय.

परागीभवन: या पिकाचा कणा

आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरे तर शेकडो बारीक फुलांचे तबक असते. कडेची बारीक फुले आधी उमलतात आणि दररोज एक-दोन वलये आत सरकत सात ते दहा दिवसांत मध्यापर्यंत पोहोचतात. प्रत्येक बारीक फुलातून पहिल्या दिवशी सकाळी पराग बाहेर येतो आणि स्त्रीकेसराची टोके नंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी, उघडतात. शिवाय बऱ्याच वाणांत स्वतःच्या परागाने फळधारणा नीट होत नाही. याचा अर्थ असा, की शेजारच्या झाडाचा पराग कोणीतरी आणून पोहोचवला नाही तर टरफल तयार होते पण आत मगज भरत नाही. सूर्यफुलाचा परागकण जड आणि चिकट असल्याने वारा हे काम करू शकत नाही. ते मधमाश्यांनाच करावे लागते.

सेंद्रिय शेतकऱ्याचा खरा फायदा इथे आहे. फुलोऱ्यात विषारी फवारणी नसलेल्या शेतात आग्या, फुलोरी आणि सातेरी मधमाश्या आपोआप येतात. एक एकरापेक्षा मोठा तुकडा असेल तर एकरी दोन मधपेट्या ठेवाव्यात. पेट्या पाच-दहा टक्के फुले उमलल्यावरच आणाव्यात. आधी आणल्या तर माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलोऱ्याची वाट धरतात आणि पुन्हा वळत नाहीत. पेट्यांजवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे आणि शेजाऱ्याच्या फवारणीची वेळ आधी विचारून घ्यावी. पेट्या आणि प्रशिक्षणासाठी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय ही दोन ठिकाणे विचारपूस करण्याजोगी आहेत.

मधमाश्या कमी दिसल्या तर हाताने परागीभवन करावे. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, दव उडाल्यावर, तळहाताला मऊ मलमलचे कापड गुंडाळून तबकावरून हलकेच फिरवावे आणि तसेच पुढच्या तबकावर जावे. दोन-तीन तबकांनंतर कापड हळदीने माखल्यासारखे पिवळे होते आणि तेच पुढे पराग पोहोचवते. कापड उमललेल्या वलयावरून फिरवावे, मधल्या मिटलेल्या कळ्यांवर दाबू नये. फुले वलया-वलयाने उमलत असल्याने हे काम एकाच दिवशी उरकत नाही. एक दिवसाआड, पाच-सहा वेळा केल्यास तबकाचा मध्यही भरतो. गुंठा-दोन गुंठ्यांच्या परसबागेत घरातल्या कोणालाही हे सहज जमते. एकरभर शेतात मजुरी परवडत नाही, तिथे मधपेट्याच स्वस्त पडतात.

पाकळ्या गळून पंधरा दिवस झाले की परीक्षा घ्यावी. शेताच्या कडेचे एक आणि मधले एक असे तबक निवडून प्रत्येकाच्या कडेचे, मधल्या वलयाचे आणि केंद्राचे दहा-दहा दाणे काढावेत व नखाने फोडून पाहावेत. कडेचे सगळे भरलेले आणि केंद्रातले दोन-तीन पोचट असतील तर पीक चांगले म्हणावे. मधल्या वलयातही पोचट दाणे असतील तर परागीभवन कमी पडले. कडेचे दाणेच हलके असतील तर बहुधा पाण्याचा ताण पडला आहे, आणि त्या वेळी एक पाणी दिल्यास काही दाणे अजून सावरतात.

रोग आणि किडी

नेक्रोसिस हा सूर्यफुलाचा सर्वांत घातक विषाणूजन्य रोग. पाने अर्धीच करपतात, देठ काळे पडते, तबक वेडेवाकडे वळते आणि झाड वाया जाते. या विषाणूचे आश्रयस्थान गाजरगवत आहे आणि या गवताचे परागकण फुलकिड्यांमार्फत सूर्यफुलावर येतात. त्यामुळे यावरचा उपाय फवारणीत नसून बांधावर आहे. पेरणीच्या आधीच आपल्या आणि जमले तर शेजाऱ्याच्या बांधावरचे गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे. शेताभोवती ज्वारीच्या तीन-चार ओळी सूर्यफुलाच्या पंधरा दिवस आधी पेराव्यात, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारे फुलकिडे त्या भिंतीत अडकतात. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे.

पाने खाणाऱ्या आणि केसाळ अळ्या सुरुवातीला एकाच पानावर झुंडीने असतात आणि ते पान जाळीदार दिसते. आठवड्यातून दोनदा फेरी मारून अशी पाने अळ्यांसह तोडून साबणाच्या पाण्यात बुडवली तर फवारणीची वेळ क्वचितच येते. तबकात शिरणाऱ्या घाटेअळीसाठी कळी अवस्थेपासून मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावावेत आणि अळ्या लहान असतानाच एचएएनपीव्ही हे घाटेअळीवरचे विषाणूजन्य जैविक कीटकनाशक संध्याकाळी फवारावे. तुडतुडे आणि पांढऱ्या माशीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो: ५ किलो निंबोळी भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात साबणाचा चुरा मिसळून १०० लिटर करावा. निंबोळी अर्क असला तरी फुलोऱ्यात तो सकाळी फवारू नये. भुरी आढळल्यास पाण्यात विरघळणारे गंधक चालते. करपा आणि तांबेऱ्यावर योग्य अंतर व फेरपालट हाच खरा उपाय.

पाखरांची राखण

दाण्यात दूध भरू लागले की पोपट येतात, आणि आसपास दुसरे सूर्यफूल नसेल तर पंचक्रोशीतले सगळे पोपट एकाच शेतावर उतरतात. खाण्याचा दाणा मोठा असल्याने तो त्यांनाही अधिक रुचतो. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास राखण असलीच पाहिजे. माळा, गोफण आणि डबा ही जुनी साधने अजूनही उपयोगी आहेत. चमकणाऱ्या फिती तबकांच्या हातभर वर, पीळ देऊन ताणून बांधल्यास काही दिवस काम देतात, मग पाखरे सरावतात. म्हणून फिती, बुजगावणे आणि आवाज यांत आठ दिवसांनी बदल करावा. झाडीच्या किंवा विजेच्या तारांच्या कडेला हे पीक लावू नये. परसबागेत परागीभवन पुरे झाल्यावर प्रत्येक तबकावर जुन्या सुती कापडाची किंवा जाळीची पिशवी बांधावी. प्लॅस्टिकची पिशवी बांधल्यास आत घाम धरून तबक कुजते. शक्य असेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात, लगतच्या शेतांत पेरणी करावी. नुकसान विभागले जाते आणि राखणीची पाळीही लावता येते. खरे सांगायचे तर एकट्याने, आडरानात आणि राखणीला माणूस नसताना हे पीक घेण्याच्या भानगडीत पडूच नये.

काढणी आणि वाळवण

तबकाची मागची बाजू लिंबासारखी पिवळी होऊन कडेने तपकिरी पडू लागली आणि खालची पाने वाळली की पीक काढणीस आले. रब्बीत यास ९० ते १०० दिवस लागतात. सर्व तबके एकदम तयार होत नाहीत. दोन वेच्यांत विळ्याने कापून काढावीत. फार वाट पाहिल्यास दाणे शेतातच झडतात.

कापलेली तबके दोन-तीन दिवस दाण्यांची बाजू वर करून उन्हात पातळ पसरावीत आणि संध्याकाळी झाकावीत. ढीग करून ठेवल्यास ती तापतात आणि बुरशी धरते. वाळवण स्वच्छ ताडपत्रीवर करावे. डांबरी रस्त्यावर वाळवलेल्या मालात खडी, धूर आणि तेलाचे डाग येतात, आणि शेणाने सारवलेले खळेही थेट खाण्याच्या दाण्याला योग्य नाही. मळणी काठीने हलक्या हाताने करावी. ट्रॅक्टर फिरवून मळल्यास टरफले फुटतात आणि फुटलेला दाणा महिन्याभरात खवट होतो. मळणी यंत्र वापरायचे असेल तर ढोल सावकाश फिरेल असे पाहावे.

उफणल्यानंतर दाणे पुन्हा वाळवून ओलावा ९ टक्क्यांपर्यंत आणावा. मोजण्याचे यंत्र नसेल तर दाणा दातांखाली धरून पाहावा: टरफल कट्‌कन तडकून मगज अखंड सुटला तर वाळला, टरफल वाकले तर अजून ऊन हवे. मग चाळणीने तीन प्रती कराव्यात. सर्वांत मोठा दाणा टरफलासह भाजण्यासाठी, मधला मगज काढण्यासाठी आणि लहान दाणा घाण्यावर तेलासाठी द्यावा. केंद्राने २०२५-२६ साठी सूर्यफुलाला क्विंटलमागे ७,७२१ रुपये हमीभाव जाहीर केला होता; प्रतवारी केलेल्या खाण्याच्या दाण्याचा दर त्याहून वर ठरवताना मगजाचे वजन दाण्याच्या साधारण निम्मेच भरते, हे विसरू नये.

'सेंद्रिय' म्हणून व्यापाऱ्यामार्फत किंवा दुकानांत माल विकायचा असेल तर प्रमाणपत्र लागते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वी दोन वर्षांचा रूपांतर काळ धरतात. लहान शेतकऱ्यांच्या गटाला पीजीएस-इंडिया ही सहभागी हमीची पद्धत कमी खर्चाची पडते.

भाजणी, साठवण आणि पुढच्या वर्षाचे बी

टरफलासह खारे दाणे करायचे असतील तर लिटरभर पाण्यात ४० ते ५० ग्रॅम मीठ घालून त्यात दाणे रात्रभर भिजवावेत, निथळून कापडावर सुकवावेत आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजावेत. एखादा दाणा फोडून मगज फिकट बदामी दिसला की लगेच उतरवावे, कारण गरम कढईत तो पुढेही भाजला जातो. मगजाची लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून केलेली कोरडी चटणी भाकरीबरोबर कारळ्याच्या चटणीच्या तोडीची लागते.

टरफलासह कोरडे, न भाजलेले दाणे थंड, अंधाऱ्या जागी हवाबंद डब्यात किंवा आतून अस्तर असलेल्या पोत्यात वर्षभर टिकतात. सोललेला मगज मात्र लवकर खवट होतो; तो लागेल तसा सोलावा किंवा बंद बरणीत फ्रिजमध्ये ठेवावा. विक्रीसाठीही मोठा साठा सोलून ठेवू नये.

सरळ वाण असेल तर बियाणे घरीच राखावे. दुसऱ्या वाणाच्या सूर्यफुलापासून किमान ४०० मीटर अंतर असलेल्या शेताच्या मधल्या भागातली निरोगी, मध्यम आकाराची, पाठीमागून फुगीर नसलेली आणि खाली झुकलेली तबके फुलोऱ्यातच दोरा बांधून खुणावून ठेवावीत. अशी तबके निदान पन्नास तरी असावीत, नाहीतर वाणाचा जोम पुढच्या पिढ्यांत घटत जातो. त्यांची कडेची दोन-तृतीयांश वलयेच बियाण्यासाठी घ्यावीत, ती हाताने मळावीत, सावलीत वाळवावीत आणि वाणाचे नाव व काढणीची तारीख लिहून मातीच्या किंवा पत्र्याच्या डब्यात राखेसोबत ठेवावीत. जानेवारीत काढलेले बी ऑक्टोबरच्या पेरणीपर्यंत सुप्तावस्थेतून बाहेर आलेले असते. फक्त पावसाळ्यात डब्यात ओल शिरू देऊ नये आणि पेरणीपूर्वी उगवण पुन्हा तपासावी.